शाळेतल्या मुलींसाठी कापडी पॅडचे संच : शिवायला बसण्याआधी आणि शिवून झाल्यावर

शाळकरी मुलींसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड शिवून द्यावेत, अशी इच्छा असलेल्या मैत्रिणी मला बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात : कापड कोणते घ्यायचे आणि मापे काय ठेवायची. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे सविस्तर दिली आहेत. परंतु त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो. ज्या मुलीच्या हातात हा संच जाणार आहे, ती तो धुणार कुठे आणि वाळत घालणार कुठे? नाशिकमधील आमच्या नऊ जणींच्या गटाने सुरुवातीला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

आमचे पहिले ४० संच आम्ही पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेत ऐन जुलैमध्ये दिले. पॅड बाजारातल्या पॅडच्याच आकाराचे होते, दोन्ही बाजूंना पंख, आत फ्लॅनेलचे (मऊ, लवदार कापडाचे) सहा थर एकत्र शिवलेले आणि खाली पाणी न झिरपणारे कापड. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा नववीतल्या एका मुलीने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून उघडली. वह्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत आमचा पॅड धुऊन ठेवलेला होता. चार दिवस उलटूनही तो दमट होता, त्याला कुबट वास येत होता आणि कडेला काळे ठिपके दिसू लागले होते. “ताई, दोरीवर टाकला तर पोरं विचारतात, हे काय आहे म्हणून,” ती म्हणाली. कपडे वाळत घालायची दोरी मुलांच्या खोल्यांसमोर होती आणि सहा थरांचा तो जाड पॅड पावसाळ्यात दोरीवरही दोन दिवसांत वाळला नसता. तेव्हापासून आम्ही आधी दोरी पाहतो आणि मगच कात्री हातात घेतो.

१. शाळेला आधी एकदा भेट द्यावी

ही भेट शिवणयंत्राला हात लावण्यापूर्वी व्हायला हवी. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आतच मिळते का बाहेरून बादली भरून न्यावी लागते, एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी असते का आणि कपडे वाळत घालायची जागा उन्हात आहे की आडोशाला, हे स्वतः पाहावे. वापरलेले पॅड सध्या कुठे टाकले जातात, हेही विचारावे. पाड्यावर कचरागाडी येत नाही, त्यामुळे बाजारातला पॅड एक तर जाळला जातो, पुरला जातो किंवा ओहोळात जातो.

या भेटीत शिक्षिका, अधीक्षिका आणि गावातल्या आशाताई यांच्याशी बोलावे. मुलींशी थेट बोलण्याची घाई करू नये. पाळीसाठी त्या भागात कोणते शब्द आहेत आणि कोणते नियम पाळले जातात, हे आधी समजून घ्यावे. कुठे मुलगी ‘बाहेर बसते’, कुठे तिला ‘कावळा शिवतो’, तर गडचिरोलीतील माडिया-गोंड गावांमध्ये तिला त्या दिवसांत कुर्माघरात (पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत) राहावे लागते. जिला चार दिवस घराच्या दोरीला हात लावता येत नाही, तिच्यासाठी वाळवण्याचा प्रश्न वेगळाच असतो आणि संच शिवताना त्याचाही विचार करावा लागतो.

कापड ही मुलींसाठी नवी गोष्ट नाही, हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते २४ वयोगटातील सुमारे निम्म्या तरुणींनी पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले होते, त्यांतल्या कित्येकजणी सोबत बाजारातले पॅडही वापरतात. आपण देतो ते चांगले शोषणारे, डाग बाहेर न येऊ देणारे आणि उघड्यावर वाळवता येईल असे कापड. एखाद्या मुलीला बाजारातलाच पॅड हवा असेल, तर तो तिचा निर्णय आहे. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देऊ केले होते. आपण जाणार त्या शाळेत सध्या कोणते पॅड किती नियमितपणे पोहोचतात, हे मुख्याध्यापकांना विचारूनच संचांची संख्या ठरवावी.

नुसते पॅड दिले की हजेरी वाढते, असे आश्वासन देणगीदारांना देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. नेपाळमधील चितवन भागात मुलींना मासिक पाळीचे कप देऊन केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलींनी कप आवडीने वापरले, पण शाळेच्या हजेरीत लक्षणीय फरक पडला नाही. पोटदुखी, कडी नसलेले स्वच्छतागृह आणि डागाची धास्ती ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि संच त्यांतल्या एकाच कारणावर उपाय आहे. आम्ही दुसऱ्या खेपेला संचांबरोबर स्वच्छतागृहाच्या दारांना चार कड्या आणि मुलींच्या खोल्यांमागे उन्हात एक तार बसवून घेतली. तेवढ्या किरकोळ खर्चाने जे साधले, ते एरवी कितीही संच शिवून साधले नसते.

२. परवानगी आणि कागदपत्रे

जिल्हा परिषद शाळेसाठी मुख्याध्यापकांना पत्र द्यावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. आश्रमशाळेसाठी संबंधित एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण अधिकाऱ्यांची बदली झाली की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो. जवळ ठेवायचे कागद असे :

- उपक्रमाचे स्वरूप, तारीख आणि येणाऱ्या स्वयंसेविकांची नावे असलेले पत्र व त्याची पोच
- इयत्तेनुसार मुलींची फक्त संख्या (नावांची यादी आपल्याकडे घेऊ नये)
- कापड आणि साहित्याच्या पावत्या, जमाखर्चाची वही
- किती संच शिवले, किती दिले आणि किती शिल्लक, याची नोंदवही

मुलींची छायाचित्रे काढू नयेत. देणगीदार मागतील, शाळाही हौसेने मुलींना रांगेत उभे करील, तरीही काढू नयेत. हातात पॅडचा संच धरलेल्या अल्पवयीन मुलीचे छायाचित्र एकदा बाहेर गेले, की ते परत घेता येत नाही. देणगीदारांना संचाचे छायाचित्र आणि पावत्यांच्या प्रती पाठवाव्यात.

३. संचात काय असावे

आमचा आत्ताचा संच असा आहे :

- २ कव्हर (पंख आणि टिचबटणे असलेले, पाणी न झिरपणारे)
- ८ घड्या (दुमडून कव्हरमध्ये ठेवायचे फ्लॅनेलचे चौकोनी तुकडे)
- २ गडद रंगाच्या सुती चड्ड्या
- कपडे धुण्याच्या साबणाची १ वडी
- वापरलेली घडी शाळेतून घरी नेण्यासाठी आतून पीयूएल (पाणी अडवणारे कापड) लावलेली १ छोटी पिशवी
- २ मीटर नायलॉनची दोरी आणि ४ चिमटे
- चित्रांसह सूचनांचा १ कागद
- हे सारे मावेल अशी नाडीची कापडी पिशवी

कव्हर आणि घडी वेगळी ठेवण्याची ही रीत आमची नाही. ‘डेज फॉर गर्ल्स’ या संस्थेचे काम २००८ मध्ये केनियात सुरू झाले, तेव्हा त्यांनीही आधी बाजारातले पॅड वाटले होते. ते टाकायला जागा नाही, हे ध्यानात आल्यावर संस्थेतल्या मंडळी धुऊन वापरायच्या पॅडकडे वळल्या आणि मुलींचे म्हणणे ऐकत रचना बदलत गेल्या. घडी उलगडली की ती साध्या चौकोनी रुमालासारखी दिसते. दोरीवर वाळत असताना ती कशाची आहे, हे कुणाला कळत नाही, आणि दोनच थर असल्यामुळे ती लवकर वाळते. पेठच्या त्या मुलीची अडचण सोडवण्यासाठी आम्हाला नेमके हेच हवे होते.

४. कापड आणि साहित्य

घडीसाठी शंभर टक्के सुती फ्लॅनेल घ्यावे. दुकानात हातात घेऊन मऊ लागले म्हणून विकत घेऊ नये, कारण पॉलिस्टरचे फ्लॅनेलही तितकेच मऊ लागते आणि पाणी मात्र शोषत नाही. एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा जळून भुरभुरीत राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रंग गडद आणि नक्षी भरगच्च असावी. पांढरे, फिके गुलाबी आणि आकाशी कापड कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे, कारण त्यावर राहिलेला डाग मुलीला दोरीपासून दूर ठेवतो. कार्टूनची चित्रे असलेले कापडही नको. अकरावीतल्या मुलीला ते पोरकट वाटते.

कव्हरच्या आत पीयूएल वापरावे. हे पातळ, लवचीक कापड असते, त्याच्या एका बाजूला पाणी अडवणारा थर चढवलेला असतो आणि लहान मुलांच्या धुवायच्या लंगोटांसाठी ते सर्रास वापरतात. रेक्झिन, रेनकोटचे कापड किंवा प्लास्टिकची शीट वापरू नये. त्यांनी मांड्यांना घाम येऊन पुरळ उठते आणि चालताना त्यांचा कुरकुर आवाज होतो. वर्गात बाकावरून उठताना होणारा तो आवाज मुलींना किती नकोसा वाटतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितले.

धागा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती धागा ओलावा ओढून घेतो आणि टाक्याच्या छिद्रातून तो बाहेर पोहोचवतो. टिचबटणे प्लास्टिकची घ्यावीत आणि ती बसवण्याची पक्कड गटात एक तरी असावी, कारण धातूची बटणे धुऊन धुऊन गंजतात. सुया पीयूएलसाठी ११ नंबरच्या आणि फ्लॅनेलसाठी १४ नंबरच्या ठेवाव्यात. याशिवाय पुठ्ठ्याचे किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचे फर्मे, शिंप्याचा खडू, चांगली कात्री आणि कपडे अडकवायचे छोटे चिमटे लागतात.

जुन्या साड्या आणि चादरी देणारे बरेच जण भेटतात. त्यांच्या भावनेचा मान ठेवून त्या कापडाच्या नाडीच्या पिशव्या कराव्यात. घडीसाठी मात्र नवेच कापड वापरावे, म्हणजे सगळ्या संचांचा दर्जा सारखा राहतो आणि जुने कुणाचे तरी आपल्याला दिले, असे कोणत्याही मुलीला वाटत नाही.

५. मापे आणि कापणी

नवे फ्लॅनेल कापण्याआधी दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावे. नव्या कापडात खळ असते आणि फ्लॅनेल हमखास आटते. न धुता कापले, तर पहिल्याच धुण्यात घडी वाकडी होते आणि कव्हरच्या खिशात नीट बसत नाही.

घडी : १० इंच बाय १० इंचाचे दोन चौकोन. चारही बाजूंना अर्धा इंच शिलाई गेल्यावर ९ इंचाचा चौकोन उरतो. तो तीन पदरी दुमडला, की ३ इंच रुंद आणि ९ इंच लांब घडी होते आणि तिच्यात सहा थर येतात. जास्त स्रावाच्या दिवशी दोन घड्या एकावर एक ठेवता येतात.

कव्हर : तयार लांबी साडेदहा इंच, मधली रुंदी सव्वातीन इंच, पंखांसह पूर्ण रुंदी ८ इंच. दोन्ही टोकांना आतल्या बाजूने अडीच इंच खोलीचे खिसे, ज्यांत घडीची टोके अडकतात.

४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत चार चौकोन बसतात, म्हणजे एका संचाच्या १६ चौकोनांना चार ओळी लागतात. कापड आटण्याचा हिशेब धरून एका संचाला सव्वा मीटर धरावे. एकाच ताग्यातून ५० संच कापणार असाल, तर वाया जाणारे तुकडे कमी होऊन साधारण ५५ मीटरमध्ये काम होते.

चड्ड्यांची मापे वर्गात सर्वांसमोर विचारू नयेत. लहान, मध्यम आणि मोठ्या मापांचा अंदाज शिक्षिकेकडून घ्यावा आणि मोठ्या मापाचे थोडे नग जास्त न्यावेत, म्हणजे जागेवर बदलून देता येतात.

६. शिवण

घडीचे दोन चौकोन सुलट बाजूला सुलट ठेवून कडेने टीप मारावी, एका बाजूला दोन इंच मोकळे सोडावे, कोपरे तिरपे कापावेत, सुलटे करावे आणि चारही बाजूंनी वरून दुसरी टीप मारावी. कोपरे कापले नाहीत, तर तिथे कापडाची गाठ राहते. ती टोचते आणि सगळ्यात शेवटी वाळते. ज्यांच्याकडे ओव्हरलॉकचे यंत्र आहे, त्यांनी साडेनऊ इंचाचे चौकोन कापून थेट कडा ओव्हरलॉक केल्या तरी चालते.

कव्हरमध्ये वर आणि खाली गडद सुती कापड आणि मध्ये पीयूएल, असे तीन थर येतात. इथे तीन चुका नव्या गटांकडून हटकून होतात. पहिली, टाचण्या. पीयूएलला टाचणीने पडलेले प्रत्येक छिद्र गळते, म्हणून थर चिमट्यांनी धरावेत. दुसरी, मधून मारलेली टीप. थर हलू नयेत म्हणून कव्हरच्या मधोमध सरळ टीप मारण्याचा मोह होतो, पण स्राव तिथेच असतो आणि त्या ओळीतून तो बाहेर येतो. टीप फक्त कडेने जावी. तिसरी, फार बारीक टाके. टाके जवळजवळ आले, की पीयूएल तिकिटाच्या कडेसारखे फाटते, म्हणून टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा.

टिचबटण बसते त्या जागी आतून सुती कापडाचा दुहेरी तुकडा लावावा. एका पंखाला एक आणि दुसऱ्या पंखाला अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन बटणे लावली, तर कव्हर सैल किंवा घट्ट करता येते. पीयूएलवर थेट गरम इस्त्री फिरवू नये.

कामाची वाटणी आधी ठरवावी. जिला शिवता येत नाही, तीही फर्मे आखू शकते, कोपरे कापू शकते, नाड्या ओवू शकते. आमच्याकडे यंत्रे तीनच होती, तरी कापणाऱ्या आणि सुलटे करणाऱ्या हातांमुळे एका रविवारी पन्नासेक घड्या होत असत.

७. तपासणी

प्रत्येक खेपेतला एक संच गटाकडेच ठेवून तो तीनदा धुवावा. मग कव्हरखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून, कव्हरमध्ये घडी बसवून तिच्यावर कोऱ्या चहाचे तीन छोटे चमचे सावकाश ओतावेत आणि हाताने मिनिटभर दाबून धरावे. पाळीच्या सर्व दिवसांचा मिळून स्राव बहुतेकींचा ३० ते ४० मिलिलिटर असतो. त्यामुळे एका वेळेला १५ मिलिलिटर ही परीक्षा पुरेशी कडक आहे. कागद ओला झाला, तर ती सगळी खेप उसवून पाहावी लागते. आम्ही एकदा अशी २२ कव्हरे उसवली होती आणि आज विचारलेत, तर तेच करा असे सांगेन. गळणाऱ्या कव्हरवर मुलीने एकदा विश्वास ठेवला, की ती पुन्हा आपल्या कोणत्याही संचावर ठेवत नाही.

पुढे हे काम विक्रीकडे न्यायचे असेल, तर भारतीय मानक ब्युरोने धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ : २०२१ हे मानक ठरवले आहे, ते आधी वाचावे.

८. वाटप आणि शिकवणे

वाटपासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस निवडावेत. हवा कोरडी असते, ऊन स्वच्छ असते आणि घडी एका दिवसात वाळते, त्यामुळे पावसाळ्याआधी मुलींचा हात सहा-सात महिने या पद्धतीवर बसलेला असतो. जून-जुलैत पहिला संच दिला, तर आमच्यासारखाच अनुभव येतो.

सत्र वर्गखोलीत, दार लावून, शिक्षिकेच्या उपस्थितीत घ्यावे आणि एका वेळी पंचवीस-तीसपेक्षा जास्त मुली नसाव्यात. बादलीभर पाणी आणि साबण घेऊन घडी प्रत्यक्ष धुऊन दाखवावी. सांगायच्या गोष्टी थोड्या आणि ठाम असाव्यात :

- घडी चार ते सहा तासांनी, आणि जास्त भिजली तर त्याआधीच बदलावी.
- आधी थंड पाण्यात भिजवावी. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो.
- साबण लावून चोळावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढावी. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत, त्याने शोषण कमी होते.
- पूर्ण उलगडून उन्हात वाळवावी. पावसात चुलीच्या उबेला किंवा इस्त्री करून वाळवावी. दमट घडी कधीही वापरू नये.
- स्वतःची घडी बहिणीला किंवा मैत्रिणीलाही देऊ नये.

एक घडी तासा-दोन तासांत भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, खाज सुटत असेल किंवा दुर्गंधी येत असेल, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, हेही याच वेळी सांगावे. न्हाण न आलेल्या मुलींना सत्रात अवश्य बसवावे, कारण पहिल्या वेळची भीती माहिती नसण्यातून येते. मुलांशी वेगळे, साधे बोलणे शाळेतल्याच एखाद्या शिक्षकांनी केले, तर दोरीवरचे प्रश्न निम्मे कमी होतात. आमच्या अनुभवात एका विज्ञान शिक्षकांनी अर्ध्या तासाचा तास घेतला आणि त्यानंतर मुलींनी घड्या मागच्या तारेवर मोकळेपणाने घालायला सुरुवात केली.

९. तीन महिन्यांनी पुन्हा जावे

या भेटीसाठी तारीख वाटपाच्याच दिवशी ठरवून ठेवावी. जाताना टिचबटणे, पक्कड, सुई-दोरा आणि काही जादा घड्या न्याव्यात. मुलींना “आवडले का?” असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी “हो” असेच येते. त्याऐवजी “शेवटची घडी कुठे वाळवली?”, “शाळेत बदलावी लागली तेव्हा काय केले?”, “कोणती वस्तू वापरलीच नाही?” असे विचारावे. याच प्रश्नांतून आम्हाला कळले, की घड्यांच्या पहिल्या संचांतली ओली घडी न्यायची पिशवी पारदर्शक होती म्हणून कुणीच वापरत नव्हते. पुढच्या खेपेपासून ती गडद कापडाची झाली.

नीट वापरलेला संच दोन ते तीन वर्षे टिकतो. कव्हर बहुधा टिकते, घड्या आधी विरतात, म्हणून दुसऱ्या वर्षी पूर्ण संच न देता जुन्या मुलींना फक्त चार-चार घड्या द्याव्यात आणि सहावी-सातवीत नव्याने आलेल्या मुलींसाठी पूर्ण संच शिवावेत. ही संख्या शाळेकडून फेब्रुवारीपर्यंत मागून घ्यावी, म्हणजे कापड धुऊन वाळवायला उन्हाळा हाताशी मिळतो.